देवराईचा धनी कोण?

निसर्गाचें रक्षण हा विषय अलीकडे सर्वतोमुखी झाला आहे. शाळाशाळांतून वृक्षारोपणाचे समारंभ होतात, पर्यावरणाचे दिवस पाळले जातात, व्याख्यानें झडतात; आणि पुष्कळ ठिकाणीं पुढच्या वर्षीं त्याच खड्ड्यांत पुन्हां नवीं रोपें लावण्याची पाळी येते. हे समारंभ व्यर्थ आहेत असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या देशांत झाडांचा उत्सव करण्याची रीत फार जुनी आहे, आणि त्या उत्सवाच्या आश्रयानें कांहीं रानें शतकानुशतकें टिकून राहिलीं आहेत, त्याच देशांत नव्या उत्सवांना चार रोपें जगवितां येऊं नयेत, हें कोडें इतिहासाच्या अभ्यासकाला स्वस्थ बसूं देत नाहीं. जुन्या उत्सवांत असें काय होतें कीं जें नव्यांत नाहीं? या प्रश्नाचा छडा लावावयाचा तर देवराईइतकें बोलकें साधन आपल्याकडे दुसरें नाहीं.

ज्यांनीं घाटमाथ्यावरचीं किंवा कोंकणांतील खेडीं पाहिलीं आहेत, त्यांना देवराईची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. चोहोंकडे उघडेबोडके डोंगर, वरकस जमिनी, आणि मधेंच एखाद्या ओढ्याच्या उगमापाशीं दाट झाडीचा काळाभोर पुंजका. आंत पाऊल टाकलें कीं ऊन नाहींसें होतें. पायाखालीं पाचोळ्याचा थर. डोक्यावर हिरडा, जांभूळ, सातवीण, बकुळ, उंबर यांचे विस्तार. मनगटाएवढ्या जाडीच्या वेली. आणि एखाद्या चौथऱ्यावर शेंदूर फासलेले तांदळे. हीच त्या गांवची काळकाई, वाघजाई किंवा सोमजाई, हाच भैरव. मावळांत व देशावर हिला देवराई म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे देवरहाटी, गोव्यांत देवराय किंवा नुसती राय. बहुतेक राया लहान असतात. पण आसपासच्या मुलखांतून जीं झाडें केव्हांच नाहींशीं झालीं, तीं या चिमुकल्या आश्रयांत अजून उभीं आहेत. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ या दोघां शास्त्रज्ञांनीं १९७०च्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा पायीं फिरून अभ्यास केला, तेव्हांपासून या गोष्टीचें महत्त्व सुशिक्षितांच्या ध्यानांत येऊं लागलें.

या राया किती जुन्या? दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथांत पुण्याच्या आसपासच्या मातृदेवतांच्या ठाण्यांचा माग काढला, आणि त्यांतील कित्येक ठाण्यांचें मूळ नांगरटीच्या शेतीच्याहि पलीकडे जातें, असें प्रतिपादन केलें. तें मत जसेंच्या तसें स्वीकारलें नाहीं, तरी एवढें खरें कीं, देवराईचा देव हा पुराणांतला देव नव्हे. त्याला बहुधा मूर्ति नाहीं, आणि पुष्कळ ठिकाणीं डोक्यावर छप्परहि नाहीं. रान हेंच त्याचें देऊळ.

आतां हीं रानें टिकलीं कशीं, असें विचारलें कीं ठरीव उत्तर मिळतें: देवाच्या भीतीनें. राईंतील वाळकी काटकी जरी घरीं नेली तरी देव कोपतो, गुरें मरतात, घरांत दुखणें येतें, अशी समजूत असल्यामुळें कोणी कुऱ्हाड लावीत नसे. हें उत्तर खोटें नाहीं. पण अपुरें आहे. भीति हेंच जर एकमेव कारण असतें, तर राईंतून कधींच कांहीं बाहेर आलें नसतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. गांवांत आग लागून घरें जळालीं, पूल वाहून गेला, देवळाचें आढें मोडलें, कीं राईंतून लाकूड आणण्याचा विचार होई. त्यासाठीं गांव जमे. गुरव देवाला कौल लावी. पाषाणावर चिकटविलेली पाकळी किंवा तांदळाचा दाणा उजवीकडे पडला तर परवानगी, डावीकडे पडला तर नकार. कौल मिळाला तरी झाड कोणतें, तोडणार कोण, लाकूड कोणाच्या घरीं जाणार, हें सर्वांसमक्ष ठरे. कोंकणांत शिमग्याच्या होळीसाठीं झाड निवडण्याचा विधि आजहि अशाच थाटानें होतो. मानकरी ठरलेले, वाट ठरलेली, झाडाची पूजा करून त्याला घाव घालण्याची रीत ठरलेली.

म्हणजे कौल ही नुसती भाबडी समजूत नव्हती. एकट्यादुकट्याच्या लोभापासून रान वाचवून तें सर्वांच्या गरजेला मोकळें करण्याची ती एक युक्ति होती. दाणा देव पाडीत असेल किंवा नसेल. पण दाणा पडेपर्यंत गांव एकत्र बसलेला असे, आणि जो तो दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत बोलत असे, यांतच तिचें सामर्थ्य होतें. वार्षिक जत्रा हीच गांवची वार्षिक सभा. त्या दिवशीं मान कोणाचा, पालखी कोणीं उचलावी, वर्गणी किती, गतवर्षीं कोणीं मर्यादा ओलांडली आणि त्यानें दंड काय द्यावा, हे सर्व प्रश्न निघत. उत्सव आणि न्यायनिवाडा यांची तेथें फारकत झालेली नव्हती. आमच्या मतें देवराईच्या दीर्घायुष्याचें रहस्य येथें आहे. देवराई देवाच्या नांवानें राखली, पण राखली ती गांवाच्या सत्तेनें. आणि ती सत्ता प्रतिवर्षीं ताजी करण्याचा प्रसंग म्हणजे उत्सव.

शिवाय हें रक्षण निरुपयोगी वस्तूचें नव्हतें. बहुतेक राया पाण्याच्या उगमावर आहेत, हा कांहीं योगायोग नव्हे. चैत्र-वैशाखांत गांवच्या विहिरी आटल्या तरी राईंतला झरा वाहतो, हें लहान पोरालाहि ठाऊक असतें. मावळांतील आजिवलीच्या वाघजाईच्या राईंत भेरली माड विपुल आहेत, आणि त्यांपासून निघणाऱ्या माडीचें उत्पन्न गांवकऱ्यांना मिळत आलें आहे. माड तोडला तर एकदांच पैसा, राखला तर दरसाल, हा हिशेब त्यांना कोणी पुस्तकांतून शिकविलेला नाहीं. अलिबागेकडील एका राईंत गारंबीची एक प्रचंड वेल होती. गुरांना सर्पदंश झाला म्हणजे तिची साल मागावयास लांबलांबचे शेतकरी येत, अशी हकीकत वर्तक-गाडगीळांनीं नमूद केली आहे. पाणी, उत्पन्न आणि औषध यांची प्रत्यक्ष प्रचीति होती म्हणून भक्तीला बळ होतें.

गांवाचा झाडांवरचा हा अधिकार राज्यकर्त्यांना मान्य होता काय? या प्रश्नावर आपल्याकडे एक अमोल साधन उपलब्ध आहे. रामचंद्रपंत अमात्य यांनीं १७१५च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं लाकडाचा विचार आला आहे. जहाजें बांधण्यास सागवानादि लाकूड लागतें, तें हुजूरच्या परवानगीनें राज्यांतील अरण्यांतून तोडून न्यावें व कमी पडेल तें परमुलखांतून विकत आणावें. परंतु आंबे-फणसांच्या झाडांना हात लावूं देऊं नये, कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें, जबरदस्ती सर्वथा करूं नये, असेंहि त्यांत बजावलें आहे. हा मजकूर पुष्कळदां थेट शिवछत्रपतींचें पत्र म्हणून उद्धृत केला जातो, तें बरोबर नाहीं. ग्रंथ त्यांच्या पश्चात् पस्तीस वर्षांनीं सिद्ध झालेला आहे, जरी त्यांतील धोरण त्यांच्या काळचें मानण्यास प्रत्यवाय नसला तरी. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आरमारासारख्या निकडीच्या कामांतहि रयतेच्या झाडाचा धनी रयत आहे, हें तत्त्व राज्यानें लेखी मान्य केलें होतें.

हें तत्त्व मोडलें तें एकोणिसाव्या शतकांत. मुंबई इलाख्यांत १८४७ सालीं डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांचे संरक्षक म्हणून नेमणूक झाली. आगगाडीच्या रुळांखालच्या फळ्या, जहाजें आणि सरकारी इमारती यांसाठीं लाकडाची मागणी अफाट वाढली होती. १८६५ व १८७८ या दोन कायद्यांनीं सरकारनें जंगलावर आपला अधिकार पक्का केला. १८७८च्या कायद्यापूर्वीं अधिकाऱ्यांत वाद झाला होता. बेडन-पॉवेल यांचें म्हणणें असें कीं, जंगलें सर्वस्वीं सरकारचीं असावींत. लोक वापरतात ती केवळ मेहेरबानी. हिंदुस्थानचे पहिले जंगल-महानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस यांना मात्र सरकारी जंगलांच्या जोडीला गांवांचीं म्हणून निराळीं जंगलें असावींत असें वाटत होतें. वादांत बेडन-पॉवेल जिंकले. ग्रामवनांचें एक प्रकरण कायद्यांत राहिलें खरें, पण तें बहुतांशीं कागदावरच राहिलें. आमच्या इतिहासांतील ही एक मोठी चुकलेली वाट होय.

परिणाम तात्काळ दिसूं लागले. ठाणें-कुलाबा भागांतील भात-शेतकरी राब भाजण्यासाठीं झाडांच्या फांद्या छाटीत. नव्या नियमांनीं त्यावर बंधनें आलीं, आणि तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं सरकारला चौकशीसाठीं जंगल-कमिशन नेमावें लागलें. जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथांत जंगलखात्यानें गरीब शेतकऱ्यांचीं गायरानें गिळल्याची कठोर तक्रार मांडली. १९३० सालीं तर हा असंतोष राष्ट्रीय चळवळीशीं एकरूप झाला. लोकनायक अणे यांनीं १० जुलै रोजीं पुसद येथें गवत कापून जंगल-सत्याग्रहाला आरंभ केला. साताऱ्याकडे बिळाशीचे शेतकरी उठले. आणि २५ सप्टेंबर रोजीं उरणजवळच्या चिरनेरला गोळीबार होऊन माणसांचे प्राण गेले. गवताची एक पेंढी कापणें हा जेथें राजद्रोह ठरतो, तेथें लोक रानाला आपलें कसें म्हणतील? जें सरकारचें, तें कोणाचेंच नाहीं, अशी भावना वाढली. ज्या हातांनीं देवराई राखली, तेच हात रात्रीं राखीव जंगलांत कुऱ्हाड घेऊन शिरूं लागले. एकाच गांवांतील तींच माणसें एका रानाशीं भक्तासारखीं आणि दुसऱ्या रानाशीं चोरासारखीं वागूं लागलीं. यांत फरक माणसांचा नव्हता, धनीपणाचा होता.

स्वातंत्र्यानंतर हें चित्र पालटावयास हवें होतें, पण जंगलाचा कायदा १९२७ सालचाच राहिला आणि खात्याची वृत्तीहि फारशी बदलली नाहीं. कित्येक देवराया कागदोपत्रीं सरकारी जमीन म्हणून नोंदल्या गेल्या. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी या गांवची गोष्ट या संदर्भांत प्रसिद्ध आहे. १९७०च्या दशकांत तेथील देवराई तोडीसाठीं काढण्यांत आली, तेव्हां गांवकऱ्यांनीं शास्त्रज्ञांकडे धांव घेतली. कारण गांवाला बारमाही पाणी देणारा ओढा त्या राईंतून येत होता. राई बचावली. अशा किती राया कोणाकडे धांव न घेतां आल्यामुळें नष्ट झाल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

सरकारच्या माथीं सर्व दोष मारून मोकळें होण्यासारखी मात्र ही गोष्ट नाहीं. गेल्या पन्नास वर्षांत देवराईवर जें मोठें संकट ओढवलें आहे, तें देवाच्या नांवानेंच आलें आहे. गांवांतील कर्ते तरुण पोटासाठीं मुंबईला गेले, तेथें त्यांच्या हातीं चार पैसे आले, आणि देवाचा जीर्णोद्धार करावा अशी इच्छा त्यांना झाली. इच्छा स्तुत्यच. पण सिमेंट, फरशी, कळस आणि सभामंडप यांना पैसा अपुरा पडला कीं राईंतील जुनीं झाडें व्यापाऱ्याला दिलीं जातात. प्रस्तुत लेखक कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांसह अशा एका राईला गेला होता. गुळगुळीत फरशीचें देऊळ उन्हांत लखलखत होतें, ध्वनिवर्धकावर आरती चालली होती. आणि भोंवतालीं वीस-पंचवीस बुंधे जमिनीबरोबर कापलेले दिसत होते. एका वृद्ध गुरवानें आम्हांला मागचा झरा दाखविला. तो कोरडा होता. “देव आतां मोठा झाला,” एवढेंच तो म्हणाला. उपरोधानें म्हणाला कीं भाविकतेनें, तें आम्हांला अजून उमगलेलें नाहीं.

हा प्रसंग आमच्या सिद्धांताला बाधक नसून पोषकच आहे. उत्सव पूर्वींपेक्षां मोठा झाला होता. पण झाडें द्यावींत कीं नाहीं, हा प्रश्न सर्व गांवापुढें मांडून ठरविण्याची जी जुनी पद्धति, ती लोपली होती. निर्णय चार-दोन कारभाऱ्यांनीं केला. सत्तेपासून तुटलेला उत्सव रानाला राखीत नाहीं. प्रसंगीं तो रानालाच खातो.

जुनी व्यवस्था सर्वांगीं निर्दोष होती असेंहि आमचें म्हणणें नाहीं. गांवकीच्या बैठकींत मान ठराविक घराण्यांचा असे. गांवकुसाबाहेरच्या लोकांना वाजंत्रीपुरतें स्थान. स्त्रियांना पुष्कळ राईंत प्रवेशच नसे, मग निर्णयांत भाग कोठला? वस्तुतः सरपण आणि पाणी हीं दोन्ही ओझीं स्त्रीच्याच डोक्यावर होतीं. जिला रानाची गरज सर्वांत अधिक, तिला रानाविषयीं बोलण्याचा अधिकार सर्वांत कमी, हा त्या व्यवस्थेचा कलंक होय. म्हणून देवराईकडे परत जाणें म्हणजे जुनी गांवकी पुन्हां उभारणें नव्हे. तिच्यांतील सर्वांसमक्ष निर्णयाचें तत्त्व घेऊन ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ मात्र विस्तारला पाहिजे.

असें होणें शक्य आहे काय? गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा हें गोंडांचें लहानसें गांव आहे. इंद्रावतीच्या खोऱ्यांतील धरणांविरुद्ध १९८०च्या दशकांत जी चळवळ झाली, तिच्यांतून तेथील लोक जागे झाले. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवांतील कार्यकर्ते व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र यांच्या प्रयत्नानें तेथें एक रीत रूढ झाली. गांवाचा निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें व्हावयाचा. स्त्री-पुरुष दोघांनींहि सभेंत बसावयाचें. आणि कोणत्याहि विषयावर निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत चर्चा व्हावयाची. मोडकळीस आलेलें घोटुल लोकांनीं पुन्हां उभारलें. गांवच्या सभेला न विचारतां गांवच्या रानांत कोणीं पाऊल टाकावयाचें नाहीं, मग तो व्यापारी असो कीं अधिकारी, असा त्यांनीं दंडक घातला. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. त्यानंतर गांवानें बांबू विकला, पण रान विकलें नाहीं. १८७८ सालीं ब्रँडिस ज्या वाटेचा आग्रह धरून हरले, ती वाट सव्वाशें वर्षांनीं एका गोंड गांवानें शोधून काढली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. गडचिरोलींतील शेंकडों गांवांना पुढें असे हक्क मिळाले आहेत.

कोंकणांतहि एक आशादायक उदाहरण आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यांत हेवाळे-बांबर्डे येथें एका देवराईंत रानजायफळाच्या जातीच्या झाडांची पाणथळ राई आहे. चिखलांतून वर डोकावणारीं मुळें हें या झाडांचें विलक्षण लक्षण. सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत निरंकाराच्या रायेंत असेंच वन आहे. भूमीचा हा दुर्मिळ प्रकार दोन्ही ठिकाणीं देवाच्या नांवानेंच वांचला. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याखालीं बांबर्ड्याच्या या जागेला आतां वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे. दर्जा मिळाला हें उत्तम झालें. परंतु फलक लागला म्हणजे राखण झाली, असें मानूं नये. फलक राखीत नाहीं, माणसें राखतात.

तात्पर्य, आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर इतिहास स्पष्ट देतो. जुन्या उत्सवांत लोकांना रानाविषयीं ठरविण्याचा अधिकार होता, आणि त्या ठरावाचें बरेंवाईट फळ त्यांनाच भोगावें लागे. नव्या समारंभांत आपण पाहुणे असतों. खड्डा कोणीतरी खणलेला असतो, रोप कोणीतरी आणलेलें असतें, आणि उद्यां त्याला पाणी कोण घालणार, हें विचारण्याचा आपणांस अधिकारहि नसतो व गरजहि वाटत नाहीं. शहरांतील वाचकांनीं हें केवळ खेड्यांचें दुखणें समजूं नये. आपल्या पेठेंतला ओढा, टेकडी, रस्त्याकडेचे वड-पिंपळ यांचा धनी कोण, हा प्रश्न आपल्यालाहि लागू आहे. पुढच्या वर्षीं वृक्षारोपणाचें निमंत्रण आलें तर अवश्य जावें. पण हार-तुरे स्वीकारण्यापूर्वीं एवढें विचारावें कीं, या झाडाविषयीं पुढील निर्णय कोण करणार, आणि त्या बैठकीस आम्हांला बोलावणार काय? ज्या दिवशीं हा प्रश्न विचारणें हेंच उत्सवाचें अंग होईल, त्या दिवशीं नव्या देवरायांची लागवड सुरू झाली असें समजावें.